आयचा भात मधेच थंड का राहतो

धसई
अक्षय तृतीयेनंतरचा शुक्रवार

चि. अनिल,

बहिणीच्या दारात असं सामान टाकून कोणी जातं का रे? टेम्पो उभा, इंजिन चालू, तू एका पायानं उतरलास, तो खोका ओटीवर आदळलास आणि पाठ केल्यासारखं बोललास, की रश्मीनं सांगितलंय, ताईंनी ह्याच्यात आयला सगळीकडून सारखा गरम भात करून दाखवावा, दाखवला तर मी येऊन आयच्या पाया पडेन, नाय जमलं तर आयनं गुमान आपल्या घरी यावं आणि परत भाताचं नाव काढू नये. एवढं बोललास आणि गेलास! आत चहा उकळत होता. त्याचा काढा झाला. शेवटी तुझ्या भावोजींनी प्यायला आणि दिवसभर पोटावर हात ठेवून फिरले. लोकांचे भाऊ साडीचोळी घेऊन येतात, माझा भाऊ पैज घेऊन येतो. तीपण बायकोची.

आता रीत म्हणून विचारते. तिकडं अंबरनाथला तू बरा आहेस ना? रश्मीची कंबर कशी आहे? कंपनीत अजून उभ्यानंच पॅकिंग करायला लावतात का? तुमा दोघांना माझा आशीर्वाद आहे, पण तो रागातला आहे हे ध्यानात ठेवा. आमी इथं खुशाल. आयपण खुशाल (तिचं पुढं येईल, मधलं पान सोडून शेवटाकडं उडी मारू नको, तुझी खोड मला माहीत आहे). फोनच करणार होते. पण बाजारातल्या फोनवर माझं बोलणं सुरू होतंय तोवर तुझं ‘हां ताई, बरं ताई, ठेवतो ताई’ चालू होतं. पत्र कोणाला मधेच ठेवता येत नाय. म्हणून दुकानातून मोठे कागद आणले आणि चौथीपर्यंतची सगळी शाळा गोळा करून बसले. अक्षराला हसायचं नाय.

मुळापासून लिहिते, कारण घरातला माणूस असून तुला घरातलं काय माहीत नसतं. आय होळीला इथं आली ती दोन दिवसांची पिशवी घेऊन, आणि राहिलीच. विचारलं की तोंड फिरवायची. शेवटी एकदा बोलली. म्हणाली, "देवके, सून भात वाढते तो कडेनं वाफाळता आणि मधी बोट घातलं की बर्फ. वरून माया नि आत गारठा. मी काय समजायचं ते समजले." रश्मी पहाटे भात टाकून कामावर जाते आणि संध्याकाळी येऊन तोच मायक्रोवेव्हमधे गरम करते (हा शब्द फार लांब आहे, पुढं मी पेटी म्हणणार), हे आयला माहीत होतं. पण तिचं म्हणणं, विस्तवाला काय भेदभाव असतो का? पेटी गरम करते तर सगळंच करील. मग मधलाच घास थंड कसा? म्हणजे सुनेनं शिळा गोळा मधे लपवला आणि वरून ताजा लिंपला. मुद्दाम! मी लेक ना तिची, मी मान हलवली. बाजारात जाऊन फोन लावला आणि रश्मीला चार शब्द सुनावले (जास्त असतील, मालू मागं उभी होती, ती म्हणते खूप होते). रश्मी म्हणाली, ताई, ती पेटीच तशी आहे. मी म्हटलं, पेटीच्या नावावर खपवू नको, पेटीला काय सासू आहे? झालं, तिनं फोन आपटला, आणि मग तू टेम्पोतून अवतरलास.

तर पेटी आली. आणि बरोबर एक कागद नाय, एक पुस्तक नाय, ‘ताई ह्याच्यात हे घालू नको’ एवढा एक शब्द नाय! गाय विकतानापण माणूस सांगतो की ही लाथ मारते. पेटी कणगीशेजारी टेबलावर ठेवली, कुंकू लावलं, दारात नारळ फोडला, मालू शेजारणीला बोलावलं, आणि पहिल्यांदा चहाच करू म्हणून अॅल्युमिनियमचं, आपलं ते जर्मनचं पातेलं आत ठेवलं. बटण फिरवलं. अनिल, आत दिवाळी! निळ्या ठिणग्या, कडकड आवाज, मालू ‘आगो बाय’ करून थेट अंगणात, आणि आयनं डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. म्हणाली, कोपली. मी प्लग ओढला. मग बसून विचार केला. आतलं फिरतं ताट काचेचं आहे, म्हणजे पेटीची सोयरीक काचेशी. चिनी मातीचा कप ठेवून बघितला तर गुमान चालली. तेव्हापासून जर्मन बंद, स्टील बंद, पितळ बंद. तुझ्या लग्नात आलेली चिनी मातीची ताटं जी मी ‘असली फुटकी भेट कोण देतं’ म्हणून माळ्यावर टाकली होती ती खाली काढली. आयनं तर दुसऱ्या एका कपाची सोनेरी कड बघून तोही बाजूला काढला. म्हणाली, सोनं आहे, नको. बरं झालं काढला, मागनं मालूच्या तसल्याच बशीची कड आत तडतडली.

पण पुढचं ऐक. तुला आठवतं ना, आपल्यात भाकरीचा पहिला तुकडा चुलीला देतात. विस्तवाचा वाटा दिल्याशिवाय कोणी तोंडात घास घालत नाय. आय म्हणाली, ही पण चूलच, बिनलाकडाची, हिचा वाटा हिला मिळाला पाहिजे. तेही बरोबर वाटलं. म्हणून रोज संध्याकाळी पेटीत भाकरीचा एक तुकडा कोपऱ्यात ठेवायचा आणि मग ताट. तिथले तुकडे दिवसेंदिवस काळे होत जायचे आणि आमी खूश, की पेटी घास घेते! मालूला मी मिरवून सांगितलं, की रश्मीच्या घरी हिला कोणी भरवत नव्हतं, म्हणून थंड भात काढत होती. एके दिवशी आत धूर. मग वास. मग त्यातला एक तुकडा निखाऱ्यासारखा लाल. तुझे भावोजी धावले आणि त्यांनी दार उघडलं, तर भक्कन जाळ! मी मागनं ओरडले, लावा ते दार! दार लावलं, प्लग काढला, तसा तो आपोआप गुदमरून विझला. (दार उघडून फुंकर घालू नये, बंद ठेवून प्लग काढावा. हे रश्मीला सांग, तिला माहीत असलं तरी सांग, माझ्याकडून कळलं असं होऊ दे.) घरात आठवडाभर जळक्या भाकरीचा वास. आता वाटा खऱ्या चुलीलाच जातो. पेटी उपाशी राहिली तरी चालते.

अंड्याचं मात्र मी माझ्या डोक्यावर घेत नाय, ते मालूचं. मालू म्हणाली, पाणी नको, काय नको, माझ्या कोंबडीचं अंडं ठेव, बघू उकडतं का. ठेवलं. आत गप होतं. काढून तिच्या हातात द्यावं म्हणून हात पुढं केला तेवढ्यात, फाट! दार आपोआप उघडलं, आणि अंडं पेटीला, भिंतीला, कणगीला, सगळीकडं लागलं, फक्त ताटात नव्हतं. मालू रडकुंडीला आली, तोंड वाचलं म्हणून नाय, अंडं गेलं म्हणून. तेव्हा एवढं कळलं, की ज्याला साल आहे, कवच आहे, घट्ट झाकण आहे ते आत कोंडलं की रागावतं (रश्मीसारखं). आता बटाट्याला, रताळ्याला मी काट्यानं टोचून भोकं पाडते. झाकण घट्ट लावत नाय, बशी तिरकी ठेवते, वाफेला वाट. आणि बशी उचलताना तोंड लांब, कारण पहिल्यांदा वाकून बघायला गेले तर वाफेनं भुवई भाजली. अजून एका बाजूची विरळ आहे. श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबापण ठेवला होता, तो बसका झाला आणि आतल्या आमटीला असा वास सुटला की कुत्र्यानंपण मान फिरवली.

पण हे सगळं बाजूचं. पैज भाताची होती. आणि भात काय जमेना.

दुपारी आय चुलीवरचं नीट जेवायची. संध्याकाळी मात्र हट्ट, की पेटीतलाच भात पाहिजे. मी सकाळचा भात ताटात घ्यायची, छान डोंगर करायची, पेटीत फिरवायची, आयपुढं ठेवायची. आय एक बोट डोंगराच्या पोटात खुपसायची. गार! बोट पुसायची, ताट सरकवायची, आणि ‘भूक नाय गो’ म्हणून उठायची. मी म्हटलं, कमी वेळ दिला असंल. जास्त दिला. कडेचा भात चणेफुटाण्यासारखा कडक, मधे तोच थंडावा. अजून दिला. कडेच्या शितांवर दात वाजायला लागले, मधे विहिरीचं पाणी. मी म्हटलं, चुलीवर गरम करून देते, तर नको. म्हणाली, "चुलीवरचं सगळ्यांना येतं. मला बघायचंय ते बघू दे." रोज रात्री उपाशी झोपायला लागली, अनिल. आधीच काटकुळी, त्यात पोलक्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. एकदा तर ताट सरकवून म्हणाली, "लेकीच्या हातचापण तसाच." मला तोंडात मारल्यासारखं झालं. रश्मीवर तिचा राग होता तोवर ठीक होतं रे, राग आला की माणूस भांडतो, भांडलं की भूक लागते. पण ती आता कोणावरच रागवेना. आपण म्हातारे झालो म्हणून आपल्याला सगळेच थंड वाढतात, असं तिनं मनात धरलं, आणि ते मला दिसत होतं, आणि माझ्यापुढं ती पेटी टिंग करून गप उभी. दोन वेळा मी तिच्यावर हात उगारला. पेटीवर, आयवर नाय.

मग झालं काय, तुझे भावोजी दुपारी जेवायला बसले. तू त्यांना ओळखतोस, ताटात भात पडला की पहिलं काम म्हणजे आमटीला आळं करणं. चार बोटांनी मधला भात बाजूला सारून काठाला चिकटवायचा, मधे अशी विहीर, की वाडगाभर आमटी बसेल. आळं केलं, आमटीची वाट बघतायत, तेवढ्यात बाहेर ओरडा, की कोणाची म्हैस भेंडीत शिरली. झालं, उठले, लंगोटीवर धावले (लंगोटी नव्हती, लुंगी होती, पण कुंपणावरनं जाताना लंगोटी झाली). म्हैस कोणाची ह्यावर भांडण, मग त्या भांडणात कोणाचं जुनं भांडण, असं करून परत आले तोवर भात गार. इकडं लाईट दुपारभर गेलेली, नुकतीच आलेली. मी चिडलेली. हात ओले होते, तसेच त्या ताटावर झटकले, ताट पेटीत ढकललं, बटण फिरवलं. टिंग झालं, पण मी आमटी शोधत होते म्हणून ताट तिथंच थोडा वेळ राहिलं. मग त्यांच्यापुढं आपटलं. पहिला घास घेऊन म्हणतात कसे, "आज भात नव्यानं टाकलास काय गो?"

मी ताट ओढून घेतलं. बोट घातलं. इकडं गरम. तिकडं गरम. काठाला गरम, खाली गरम, आणि मधे तर भातच नाय! थंड राहायला जागाच नाय! अनिल, मी जी ओरडले, की म्हैसवाला परत भांडायला आला. आयला हाताला धरून ओढत आणलं, तिचं बोट धरून भातात घातलं. ती बघते, बघते, आणि म्हणते काय? "राशीला भोक पाडलंस?"

आता तुला आठवलं का? नसंल आठवलं तर सांगते. आपल्या खळ्यावर भाताची रास लागली की तिची पूजा करायची, आणि माप घालताना बाजूबाजूनं घ्यायचं, माथा मोडायचा नाय, मधे हात घालायचा नाय, बरकत जाते. हे धान्याचं झालं. पण आयनं ते शिजल्या भातालापण लावलं. टोपात उरलेला भात चमच्यानं चापून वर टोक करून ठेवायचा, राशीसारखा. ताटात वाढायचा तोपण तसाच. आळं करायचं ते खाणाऱ्यानं, वाढणाऱ्यानं नाय. मी लहानपणापासून तसाच डोंगर करते, मला कधी कळलंपण नाय की मी काय करते. आणि रश्मी लग्न होऊन आली तेव्हा आयनं पहिल्या आठवड्यात तिला हेच शिकवलं होतं. माझ्यासमोर शिकवलं, मी होते तिथं, मी तर वरून सांगितलं की नीट चाप, तुमच्याकडे काय शेत नाय वाटतं. ती पोरगी बिचारी रोज संध्याकाळी कामावरून येऊन, उभ्या कंबरेनं, त्या भाताची रास करत होती. सासूनं सांगितल्याप्रमाणं. आणि ती पेटी काठाकाठानं गरम करते, आत पोचत नाय. म्हणजे मधला भात थंड कोणी ठेवला? मी नाव घेत नाय. ती इथं शेजारीच सुपारी कातरत बसली आहे.

आय त्या दिवशी सुपारी कातरता कातरता म्हणाली, "तिनं मला सांगितलं का नाय, की ढीग केला की गार राहतो?" मी म्हटलं, आय, सांगितलं असतं तर तू तिला जिवंत ठेवली असतीस का? "शहरातली सून आली नि घरातली रास मोडायला निघाली," असं तूच गावभर केलं असतंस. आय म्हणाली, "केलं असतं." आणि सुपारी तोंडात टाकली. संध्याकाळी मी भात ताटात घेतला तर तिनं माझा हात धरला. स्वतःच्या बोटांनी भात बाजूला सारला, मधे विहीर केली, थोडा वेळ ती विहीर बघत बसली, आणि म्हणाली, फिरव. जेवली! पोटभर जेवली, परत मागून जेवली, आमटी कमी पडली! मी दारात उभी राहून मालूला हाक मारून सांगितलं. मालू म्हणाली, सांगतेस काय, मला वाटलं नातू झाला.

आता रश्मीला एकेक वाचून दाखव. भात ताटात पसरायचा, कड जाड, मधे मोकळं. वरून पाण्याचा हात झटकायचा, नाय तर शितं वाळतात. एकदम फिरवायचं नाय, मधेच थांबून चमच्यानं कडेचं आत, आतलं बाहेर करायचं, मग परत फिरवायचं. टिंग झालं की लगेच हावरटासारखं ओढायचं नाय, थोडा दम द्यायचा, चुलीवरून उतरलेल्या भाताला देतो तसा, तेवढ्यात ऊब आपली आपण पसरते. बटाटे ठेवायचे तर गोल रिंगण करून, मोठे बाहेर, बारके आत, मधे कोणी नाय. पेटी रिकामी फिरवायची नाय (आय फिरवायची! जत्रेतला पाळणा बघितल्यासारखी ताट फिरताना बघत बसायची, आता मी पाण्याचा पेला आत ठेवूनच देते). आणि सुकट पेटीत भाजायची नाय. का ते विचारू नको. मालू तीन घरं पलीकडं राहते, तिनं विचारलं नाय, तिला कळलं.

अनिल, काय सांगू, घरात नुसती धमाल आहे! येईल त्याला आय पेटीपुढं बसवते आणि शिकवते. कालपर्यंत ‘कोपली’ म्हणून हात जोडणारी बाई आज मालूला म्हणते, "भांडं कसलं आणलंस ते आधी दाखव, जर्मन आहे का? घेऊन जा परत." टोकावड्याहून मावशी आली तर तिला चहा मिळायच्या आधी पेटीची माहिती मिळाली. लाईट गेली की आय बाहेर ओटीवर बसून वायरमनच्या सात पिढ्यांना शिव्या देते. मी सकाळी उठून बघते तर ही पेटीचं काचेचं ताट राखेनं घासतेय! म्हटलं, ओरखडे पडतील, साबण घे. तर म्हणाली, तुला काय कळतं.

आता पैजेचं. मी आयला सगळीकडून गरम भात दिला, म्हणजे पैज मी जिंकले, हे आधी मान्य करायचं. बोलल्याप्रमाणं रश्मीनं येऊन आयच्या पाया पडायचं. पण खोट होती ती पेटीत नव्हती, रश्मीतपण नव्हती, म्हणून आयनं बोलल्याप्रमाणं घरी जायचं. दोन्ही होऊ दे. कोणी हरलं असं मी ऐकून घेणार नाय. मी फोनवर रश्मीला जे बोलले ते बोलले, त्याच्यावर माती टाकायची की भात पसरायचा ते तिनं ठरवावं, मला आता वेळ नाय, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा निम्मा राहिला आहे आणि माणसं पुरत नायत.

कळावे. काळजी घे, वेळेवर जेव, आणि पुढच्या वेळी आलास की चहा पिऊन जा.

तुझी ताई,
देवकी

ता. क. पेटी न्यायला टेम्पो आणू नको. ती इथं रुळली आहे. तुझे भावोजी म्हशीमागं गेले की कधी परत येतील सांगता येत नाय, मला गरम करायला काहीतरी लागतंच. तुमी तिकडं दुसरी घ्या, शहरात ढिगानं मिळतात.

ता. क. आणखी एक. वरचं आयला वाचून दाखवू नको, तिची समजूत आहे की पेटी तिच्याबरोबर जाणार. "माझ्यामागं कोण बघंल तिच्याकडं," असं म्हणते. म्हणजे बघ, तोंडानं ‘जाते’ असं अजून म्हटलेलं नाय. विचारलं की ‘मला काय, कुठंपण एक कोपरा’ म्हणते. पण पिशवी धुऊन वाळत घातली आहे, आणि तांदळाचे पापड वेगळे बांधून ठेवलेत, ते कोणाचे विचारलं तर म्हणाली, हिला तळलेलं आवडतं. ‘हिला’ म्हणाली, रश्मीचं नाव नाय घेतलं.

ता. क. शेवटचं, हे फक्त तुझ्यासाठी, रश्मीलापण दाखवायचं असलं तर दाखव. काल संध्याकाळी मी घाईत होते, राबाच्या माणसांना भाकऱ्या करायच्या होत्या, आणि हात सवयीनं चालला, भाताचा डोंगरच करून फिरवला. ताट पुढं ठेवलं आणि मग माझ्या लक्षात आलं. आयनं बोट घातलं. मी बघत होते. मधे गार असणारच, आळं केलंच नव्हतं. तिनं बोट काढलं, पुसलं नाय, आमटी कालवली आणि सगळा भात जेवली. मी म्हटलं, आय, थंड आहे का? म्हणाली, "नाय गो, गरम आहे." आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "अंबरनाथला आता संध्याकाळी दिवे लावले असतील काय?"

तर अनिल, तू एकटा येऊ नको, एकट्याबरोबर मी आयला धाडणार नाय. रश्मीला सुट्टी घ्यायला सांग. ती येते की नाय एवढंच लिही, बाकी खुशाली मागून. येत्या गुरुवारच्या टपालात उत्तर माझ्या हातात पाहिजे.